अक्षर कोणी बदलायचं, लिहिणाऱ्याने की यंत्राने?

बोरू

हातात मावणाऱ्या संगणकावर लेखणीने लिहायचं आणि त्याने ते वाचायचं, यासाठी नव्वदच्या दशकात दोन वाटा निघाल्या. पहिली अ‍ॅपलच्या न्यूटनची, १९९३ ची. तुम्ही नेहमीसारखं लिहा, तुमचं अक्षर समजून घेणं हे यंत्राचं काम. दुसरी पाम पायलटची, १९९६ ची. तिथे ग्राफिटी नावाची ठरावीक वळणं शिकावी लागत. लेखणी न उचलता एका रेघेत एक अक्षर.

माझ्या मते दुसरी वाट बरोबर होती आणि ती सोडली हे चुकलं.

ग्राफिटीत रोमन 'ए' काढताना मधली आडवी रेघ द्यायची नाही. 'टी' म्हणजे वरची आडवी रेघ आणि तिच्या टोकावरून सरळ खाली. डावीकडून उजवीकडे रेघ ओढली की मोकळी जागा, उलट ओढली की मागचं अक्षर खोडलं जायचं. आकड्यांसाठी लिहिण्याच्या चौकटीचा उजवा भाग वेगळा. एवढं शिकलं की चूक झाली तरी का झाली ते कळायचं, आणि पुढच्या वेळी हात आपोआप सुधारायचा.

न्यूटनचं पहिलं सॉफ्टवेअर लिहिलेलं शब्दकोशाशी ताडून बघायचं. शब्द कोशात नसला की ते जवळपासचा दुसरा शब्द बसवायचं. एखादं अक्षर चुकलं तर वाचताना लगेच खटकतं. शुद्ध पण भलताच शब्द पडला तर नजर त्यावरून निसटून जाते. मला ही चूक जास्त घातक वाटते, आणि आजची सॉफ्टवेअरंही ती करतात.

मेघना_क

अजिबात पटलं नाही.

न्यूटनची वाट चुकीची नव्हती, तिचा काळ चुकला. २० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ६४० केबी रॅम एवढ्या भांडवलावर कोणाचंही अक्षर वाचायला निघाले होते ते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुटी अक्षरं ओळखणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि ओळख बरीच सुधारली, पण तोवर वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांनी नाव घालवलं होतं. १९९८ च्या फेब्रुवारीत न्यूटन बंदच केला. वाट चुकीची ठरायला ती आधी पुरती चालून बघावी लागते.

आणि ती पुढे चालली गेलीच. गूगलने २०१९ मध्ये जीबोर्ड या आपल्या फोनच्या कीबोर्डमधली हस्ताक्षर-ओळख न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेली तेव्हा जुन्या पद्धतीपेक्षा चुका २० ते ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं सांगितलं, आणि हे सगळं फोनच्या आतच चालतं. मग माणसाने लहानपणापासून घोटून कमावलेलं अक्षर एका यंत्रासाठी का मोडायचं? तुम्ही शिकलात, तुम्हाला आवड होती. ज्याला आवड नाही, ज्याचा हात थरथरतो, जो उतारवयात पहिल्यांदा असं यंत्र हातात धरतोय, त्याला 'आधी आमची वळणं गिरवा' म्हणणं म्हणजे दार लावून घेणं.

नोंदवही

मी गोदामात मालाची मोजणी करतो, उभ्याने, एका हातात यंत्र धरून. माझी बाजू बोरूंची.

आमच्याकडे शब्द नसतातच, असतात संकेतांक. 'एस' आणि ५, 'बी' आणि ८, 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि १ अशा जोड्या एकाच ओळीत येतात. इथे शब्दकोश काय मदत करणार? उलट मध्ये लुडबूड करतो. ग्राफिटीत अक्षर डाव्या बाजूला आणि आकडा उजव्या बाजूला लिहायचा, एवढ्या एका नियमाने हा घोळ संपला होता.

मेघनाताई, २० ते ४० टक्के सुधारणा चांगलीच आहे. पण ती सगळ्या लिखाणाची सरासरी. माझा अख्खा दिवस त्या सरासरीच्या बाहेर जातो.

मेघना_क

नोंदवही, तुमची अडचण खरी आहे, पण तिला औषध वेगळं आहे. फॉर्म बनवणाऱ्याने सांगायला हवं की या चौकटीत पहिली दोन अक्षरं आणि पुढे चार आकडे येतील. मग सॉफ्टवेअर तिसऱ्या जागी 'एस' वाचणारच नाही. ही सोय न करता नुसती कोरी चौकट तुमच्या हातात दिली असेल, तर दोष फॉर्म बनवणाऱ्याचा.

वेलांटी

सगळी चर्चा सव्वीस रोमन अक्षरांवर चालली आहे म्हणून मध्ये बोलते. देवनागरीत हा वाद निराळाच होतो.

पडद्यावर लिहिताना सॉफ्टवेअरला नुसतं चित्र मिळत नाही. लेखणी कुठून निघाली, कुठे वळली, कधी उचलली हा क्रमही मिळतो. स्कॅन केलेल्या कागदापेक्षा इथे ओळख सोपी जाते ती यामुळे. पण हाच क्रम आपल्याकडे माणसागणिक बदलतो. कोणी प्रत्येक अक्षरावर शिरोरेघ देतं, कोणी शब्द पुरा झाल्यावर एकदम, कोणी देतच नाही. शब्द संपल्यावर आलेली ती लांब रेघ आधीच्या कोणकोणत्या अक्षरांची, हे यंत्राने मागे जाऊन जुळवायचं.

शिरोरेघ न देणाऱ्यांचं तर आणखी अवघड. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला मोठा फरक शिरोरेघ अखंड आहे की तुटलेली यात असतो. रेघच नसेल तर उरतो तो डावीकडचा छोटासा वळसा किंवा गाठ. घाईत लिहिणाऱ्याचं तेवढंच आधी सपाट होतं. र आणि व जवळ आले की ख वाटतो. ऱ्हस्व वेलांटी काही जण व्यंजनाआधी काढतात, काही नंतर, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, ती कायम व्यंजनानंतरच साठवली जाते. रफार अक्षराच्या डोक्यावर असतो, उच्चारात मात्र आधी येतो. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे, म्हणजे नमुने दोन्ही वळणांचे हवेत.

बोरू, एका रेघेत 'क्ष्म्य' कसं काढणार ते सांगा. व्यंजनं, स्वर, मात्रा, जोडाक्षरं धरून तुमची ग्राफिटी केवढी होईल? ती शिकण्यापेक्षा माणूस कीबोर्ड शिकेल. देवनागरीसाठी यंत्रानेच शिकायला हवं, दुसरा इलाज नाही.

बोरू

वेलांटी, मुद्दा वजनदार आहे. पण जोडाक्षराला वेगळं वळण लागत नाही. कीबोर्डवर आपण व्यंजन, हलन्त, व्यंजन असंच टाइप करतो. तसंच प्रत्येक व्यंजनाला एक रेघ, हलन्ताला एक छोटा तिरका फटका आणि मात्रांसाठी चौकटीचा वेगळा भाग. 'क्ष्म्य'साठी क, हलन्त, ष, हलन्त, म, हलन्त, य. लांब आहे, पण त्यात शंकेला जागा नाही.

मेघनाताई, 'नैसर्गिक' अक्षराच्या मागे लागल्यावर काय होतं त्याचा दाखला ग्राफिटीच्याच पुढच्या इतिहासात आहे. एका रेघेच्या लिपीचं पेटंट आपलं, असं म्हणत झेरॉक्सने १९९७ मध्ये दावा लावला. तो लांबला आणि २००३ मध्ये पामने ग्राफिटी २ आणली. ही बेतलेली होती जॉट नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर. अक्षरं नेहमीच्या लिखाणाच्या जवळची, काही दोन रेघांची. 'टी' काढायचा म्हणजे उभी रेघ, मग आडवी. पण नुसती उभी रेघ म्हणजे 'एल' आणि आडवी रेघ म्हणजे मोकळी जागा. त्यामुळे 'एल'ने संपणारा शब्द लिहून जागा सोडायला जावं, तर शेवटी 'टी' उमटायचा. जुन्या लिपीत ही गल्लत होऊच शकत नव्हती. ओळखीचं दिसावं म्हणून नेमकेपणा घालवला.

मेघना_क

तो बदल पामने स्वखुशीने केला नव्हता हे तुम्हीच सांगताय. झेरॉक्सचं ते पेटंट २००४ मध्ये न्यायालयाने अवैध ठरवलं. तरी २००६ मध्ये पामने २ कोटी २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. घाईने आणलेल्या बदलीवरून नैसर्गिक लिखाणाबद्दल निष्कर्ष काढू नका.

आणि हलन्ताचे फटके मारत लिहिणं याला मी लिहिणं म्हणत नाही. तो लेखणीने चालवलेला कीबोर्ड झाला. लिहिताना माणूस विचार करत असतो. पुढची रेघ कुठली, याची आठवण ठेवावी लागली तर विचाराचा धागा तुटतो.

बोरू

उलट आहे. ग्राफिटी हातात बसल्यावर पडद्याकडे बघावंही लागत नव्हतं. अक्षरं एकमेकांवरच लिहायची, समोरच्या माणसाकडे बघत लिहायचं. आजच्या ओळखीत प्रत्येक शब्दानंतर नजर पडद्यावर न्यावी लागते, कारण काय उमटलं असेल याचा भरवसा नाही. विचाराचा धागा तिथे तुटत नाही?

दौत

मी दोघांच्या विरोधात. रूपांतर हवंच कशाला? शाई आहे तशी जपा. यंत्राने प्रत्येक शब्दामागे आपले दोन-चार अंदाज गुपचूप ठेवावेत आणि काही शोधलं तर त्या अंदाजांत बघावं. अंदाज चुकला तरी मूळ अक्षर जागेवर असतं, लिहिणाऱ्याच्या शब्दाला धक्का लागत नाही. माझ्या टिपणांत आकृत्या, बाण, समासातल्या खुणा असतात. टंकित मजकुरात त्या सगळ्या जातात.

नोंदवही

टिपणांसाठी छान आहे. पण मला मोजणी बेरजेला पाठवायची असते आणि शाईची बेरीज होत नाही. यंत्राला कुठे ना कुठे '५' म्हणावंच लागतं.

तुमच्यातली एक गोष्ट मात्र मला हवी आहे. आकडा टंकित झाल्यावरही माझी मूळ रेघ त्याच्यामागे राहू द्या. महिन्याने हिशेब जुळला नाही की मी काय लिहिलं होतं ते बघता येईल. मी वापरतो त्या यंत्रात रूपांतर झालं की शाई पुसली जाते, आणि मग ५ मी लिहिला की यंत्राने, हे सांगायला काहीच उरत नाही.

वेलांटी

नोंदवहींना दुजोरा. आणि बोरू, तुमची देवनागरी वळणं कागदावर काढून इथे टाका. आधी घ-ध आणि म-भ दाखवा, मग पुढे बोलू.