जहाजमालक राज्यकर्ता झाला तर? – तुंग ची-ह्वा

धागाकर्ता:
'देश कंपनीसारखा चालवा' म्हणणाऱ्यांनी हाँगकाँगच्या तुंग ची-ह्वांचं चरित्र वाचावं. जन्म शांघायचा, १९३७. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले त्या सुमारास कुटुंब हाँगकाँगला आलं. वडिलांनी तिथे जहाजांचा मोठा कारभार उभारला. १९८२ मध्ये ते गेले, पुढे जहाजभाडी कोसळली आणि मुलाच्या, म्हणजे तुंगच्या, गळ्यात अडीच अब्ज अमेरिकन डॉलरहून जास्त कर्ज. कंपनी वाचली ती १२ कोटी डॉलरमुळे, आणि तो पैसा उभा करणारे हाँगकाँगचे उद्योगपती हेन्री फोक बीजिंगच्या मर्जीतले. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये ४०० जणांच्या निवड समितीतली ३२० मतं घेऊन तुंग चीनकडे जाणाऱ्या हाँगकाँगचे पहिले मुख्य कार्यकारी, म्हणजे सरकारचे प्रमुख. मिंधा माणूस राज्य कोणाचं करणार?

शीड:
कर्ज काढून धंदा सावरला की माणूस मिंधा? मग आपल्याकडचे निम्मे उद्योगपती मोडीत काढा. तुंगनी हात वर केले नाहीत. तीच कंपनी पुढे एवढी वधारली, की २०१७ मध्ये कॉस्कोने तिच्यासाठी ६.३ अब्ज डॉलर देऊ केले.

धागाकर्ता:
कॉस्को कोणाची? चीन सरकारची! माझाच मुद्दा सांगताय.

तिरकस:
पैसा कुठून आला ते सोडा, कारभार बघा. सत्तेवर येताच जाहीर केलं, वर्षाला ८५,००० घरं. तेवढ्यात भाव गडगडले, सहा वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त. हप्ते भरणाऱ्यांच्या डोक्यावर घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त. आणि २००० मध्ये साहेब मुलाखतीत म्हणतात, ते लक्ष्य १९९८ पासूनच नाही! लोकांना सांगायचं कोणी? संचालक मंडळात असलं खपतं.

शीड:
मंदी काय त्यांनी आणली? १ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं, २ जुलैला थायलंडचं चलन बात कोसळलं आणि आशियाभर आर्थिक संकट पसरलं. पुढे सार्सची साथ. अशा वेळी कसलेला राजकारणीही गटांगळ्या खाल्ल्याशिवाय राहिला नसता. (न सांगता धोरण गुंडाळलं, ते मात्र चूकच.)

तिरकस:
२००३ चं राष्ट्रीय सुरक्षा विधेयकही थायलंडने आणलं का? १ जुलैला सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर होते.

शीड:
आणि ते अडवलं कोणी? तुंगच्याच कार्यकारी परिषदेचा (मंत्रिमंडळासारखं मंडळ) राजीनामा देणाऱ्या जेम्स टिएननी. तेही उद्योगपतीच.

धागाकर्ता:
पाच लाख लोक रस्त्यावर उतरल्यानंतर! आधी तेही सरकारबरोबरच होते. आणि मार्च २००५ मध्ये तब्येतीचं कारण देऊन पायउतार झालेल्या तुंगना बीजिंगने लगेच चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेचं उपाध्यक्षपद दिलं. हे कोणत्या कामाचं बक्षीस, तेवढं सांगा.