मदत हवी आहे: भाऊ डॉक्टरकडे यायलाच तयार नाही

धाकट्या भावाला ठाम वाटतंय की शेजारी मोबाईलमधून त्याचे विचार ऐकतात. टीव्हीवरचे निवेदकही त्यालाच टोमणे मारतात म्हणे. झोप जवळजवळ गेलीय, नोकरी सोडली. पुरावे दाखवून समजावलं की तो आम्हालाही 'त्यांच्यात' सामील धरतो. वाद घालून भ्रम जात नाही, हे कळतंय. पण हो-ला-हो न करता आणि खोटंही न पाडता बोलायचं कसं?

आपल्याला आजार आहे हेच त्याला पटत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की दार बंद. झोपेच्या तक्रारीसाठी म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे नेऊ का? की उरलासुरला विश्वासही जाईल? जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला तर थेट इमर्जन्सीत नेणार, ते ठरलंय. बाबाबुवांचे पत्ते कृपया नकोत, ते नातेवाईक पुरवताहेतच.