स्टॉकिंग्ज आणि शेपवेअर निवडताना : ट्रान्स स्त्रियांनी आपले अनुभव लिहावेत

सांजसावली

काल कपाट आवरताना खालच्या खणाच्या अगदी मागे काळ्या टाइट्सची एक लहानशी घडी हाताला लागली. उजव्या अंगठ्यापाशी भोक पडलेले आहे आणि तिथून टाके उसवत गेलेली शिडीसारखी रेघ घोट्याच्याही वर पोहोचली आहे. ही माझी पहिली जोडी. नऊ वर्षांपूर्वी, घरात कोणी नसताना, दाराला आतून कडी लावून मी ती चढवली आणि वीस मिनिटांत उतरवली. तिचा दोन पायांमधला जोड जांघेच्या चार बोटे खालीच अडकला होता, कमरेची पट्टी पावलागणिक घसरत होती आणि घाईने वर ओढताना अंगठा आरपार गेला होता. पलंगावर बसून मी तेव्हा मनाशी ठरवून टाकले, की हे कपडे माझ्यासारख्या शरीरासाठी नाहीतच.

पाकिटाच्या मागे उंची आणि वजनाच्या चौकटींचा तक्ता छापलेला होता. तो मी कित्येक महिन्यांनी वाचला. मी घेतलेले माप माझ्या वजनाला बरोबर होते, परंतु त्या चौकटीतली उंची माझ्या उंचीच्या दहा सेंटिमीटर अलीकडेच संपत होती. चूक मापाची होती आणि तिचा दोष मी इतके महिने स्वतःच्या देहाला देत आले होते.

ती घडी हातात धरून बराच वेळ बसले होते, म्हणून चर्चेचा हा धागा काढते आहे. टाइट्स, स्टॉकिंग्ज, शेपवेअर म्हणजे शरीर आवळून आकार देणारे कपडे, पॅड, टकिंगसाठीचे म्हणजे पुढचा भाग सपाट दिसावा म्हणून घालायचे कपडे, यांपैकी ज्याचा अनुभव असेल तो लिहावा. जे चुकले ते आवर्जून लिहावे.

उंच माड

माझी उंची १८३ सेंटिमीटर आहे, त्यामुळे तो अडकलेला जोड माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. वजन एक माप सांगते आणि उंची त्याच्या पुढचे, असे झाले तर उंचीचे ऐकावे. कमरेत किंचित सैल पडलेल्या टाइट्स वरून एक घट्ट अंतर्वस्त्र घालून जागच्या जागी ठेवता येतात, पण लांबीत कमी पडलेल्या टाइट्सना काहीही इलाज नाही. पावले मोठी असतील तर अंगठ्याशी दुहेरी विणीच्या घ्याव्यात, किंवा घोट्यापाशीच संपणाऱ्या घेऊन खाली वेगळे मोजे घालावेत. मी दुसरा मार्ग धरल्यापासून एकही जोडी अंगठ्यापाशी फाटलेली नाही.

शिवणटीप

मी शिवणकाम करते आणि स्वतः ट्रान्स स्त्री आहे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. सांजसावली, तुम्ही ज्याला जोड म्हणता त्याला आम्ही गसेट म्हणतो. दोन पायांच्या मध्ये लावलेला तो पाचरीसारखा तुकडा असतो. तो नसेल तर चारही बाजूंचा ताण एकाच शिवणीवर येतो आणि आपल्यापैकी ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांना तीच शिवण दिवसभर काचते. म्हणून पाकिटावर गसेट असल्याचा उल्लेख आधी शोधावा. तो सुती असेल तर उत्तमच, कारण नायलॉन घाम शोषून घेत नाही.

अखंड बॉडीसूटसारखे शेपवेअर घेताना छाती, कंबर आणि नितंब एवढी तीनच मापे पुरत नाहीत. टेप खांद्याच्या मध्यावर धरावी, पुढून खाली नेऊन दोन पायांमधून मागे काढावी आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापाशी आणावी. हे माप बहुतेक जणी घेत नाहीत. धड लांब असले आणि कपडा आखूड निघाला, तर पट्ट्या खांद्यात रुततात आणि खालचे हूक बसल्या बसल्या सुटतात. पट्ट्या कमीजास्त करता येतील असाच कपडा घ्यावा. खालच्या हुकांना जोडायची वाढीव पट्टीही वेगळी मिळते आणि ती लावायला शिवणयंत्र लागत नाही.

बकुळ

मी एका समारंभासाठी मुद्दाम दोन मापे लहान शेपवेअर घेतले होते. जितके आवळू तितकी कंबर दिसेल, असा माझा समज होता. सहा तास ते अंगावर होते. तिसऱ्या तासाला उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आधी मुंग्या आल्या, मग आग होऊ लागली आणि रात्री कपडा काढल्यावर तळहाताएवढा भाग पूर्ण बधिर लागला. तिथे बोट टेकवले तर ते कोणा दुसऱ्याच्या मांडीवर टेकवल्यासारखे वाटे. मी घाबरून चार दिवस कोणालाही सांगितले नाही, कारण सांगायचे म्हणजे कपड्याविषयी सांगावे लागले असते. अखेर डॉक्टरांकडे गेले. जांघेपाशी मांडीच्या त्वचेचा एक संवेदी मज्जातंतू असतो, घट्ट पट्ट्याने तो दाबला जातो आणि या त्रासाला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात, असे त्यांनी शांतपणे समजावले. ते शेपवेअर बंद केल्यावर काही आठवड्यांत संवेदना परत आली. त्या दिवसांत छातीत जळजळही होत असे. पोट असे आवळले की आम्ल वर चढते, हे मला तेव्हाच कळले.

आता मी नवीन कपडा घालून आधी खुर्चीवर बसते, खाली वाकते आणि पोटभर श्वास घेऊन पाहते. यांतले एकही सहज जमले नाही तर तो परत करते.

निळी शाई

बकुळताई, ते चार दिवस तुम्ही एकटीने काढलेत हे वाचून जीव कळवळला. मीही तेच केले असते.

जुना दोरा

डेनिअरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. पाकिटावरचा तो आकडा म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा जितका लहान तितका धागा बारीक आणि कापड पारदर्शक. साधारण १० ते २० डेनिअरमधून पाय स्पष्ट दिसतो, ४० च्या आसपास तो धूसर होतो आणि ६० च्या पुढे जवळजवळ झाकला जातो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत या आकड्यांनी मला फार मोठा आधार दिला. पायांवरचे केस काढले असते तर घरात प्रश्न विचारले गेले असते आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ८० डेनिअरच्या, चमक नसलेल्या काळ्या टाइट्स घातल्या की केस अजिबात दिसत नसत. चमक नसणे फार महत्त्वाचे आहे. चकाकणाऱ्या टाइट्सवर उजेड पोटरीच्या स्नायूच्या उंचवट्यावर नेमका पडतो आणि जे झाकायचे तेच उठून दिसते.

थोडे विषयाच्या कडेने लिहिते. नायलॉन १९३५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १५ मे १९४० रोजी अमेरिकेत सर्वत्र नायलॉनच्या स्टॉकिंग्ज विक्रीला आल्या. पुढे युद्धकाळात तेच नायलॉन पॅराशूटसाठी वळवले गेले. एका माणसाला आकाशातून सुखरूप उतरवणारा धागा आणि मला घराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य देणारा धागा एकच आहे, हे वाचले त्या रात्री मी टाइट्सची घडी जरा अधिक जपून घातली होती.

पाऊलवाट

जुना दोरा, शेवटचे वाक्य फार आवडले. टाका उसवायला लागला की रेघेच्या दोन्ही टोकांना रंगहीन नेलपॉलिशचा थेंब लावावा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मात्र नेलपॉलिश पूर्ण वाळेपर्यंत टाइट्स त्वचेपासून किंचित उचलून धराव्यात.

जुना दोरा

पाऊलवाट, वाळेपर्यंत थांबण्याचे मला ठाऊक नव्हते. दोन जोड्या मी त्वचेला चिकटवून घेतल्या आहेत. तुम्ही धुता कशा?

पाऊलवाट

गार पाण्यात, हाताने, सौम्य साबणाने धुते, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत वाळत घालते. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याने इलॅस्टेनचा, म्हणजे कापडातल्या लवचिक धाग्याचा, ताण कमी होतो. शेपवेअरलाही हेच लागू पडते. तीन-चार महिन्यांत सैल पडले अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा ते गरम पाण्यात धुतलेले असते.

काजवा

नितंबांच्या पॅडविषयी लिहिते, कारण मी सर्वांत जास्त चुका तिथेच केल्या. शेपवेअर कंबर आत घेते, परंतु नितंबांना नसलेला आकार ते देऊ शकत नाही. अरुंद नितंबांवर नुसती कंबर आवळत राहण्यापेक्षा बाजूंना थोडी भर घातली तर कंबर आपोआप बारीक दिसते आणि श्वासही मोकळा राहतो. मी पहिल्यांदा जाड फोमचे पॅड थेट अंतर्वस्त्रात सरकवले आणि त्यांच्या कडा कपड्यातून ताटाच्या काठासारख्या उठून दिसल्या. आता पॅडच्या कडा कात्रीने तिरक्या कापून कागदाइतक्या पातळ करते, वरून एक जाड टाइट्स आणि तिच्यावर दुसरी पातळ टाइट्स घालते. मंचावर स्त्रीवेशात काम करणारे ड्रॅग कलाकार तर असे कितीतरी थर चढवतात. पॅड कुठे ठेवायचे तेही महत्त्वाचे आहे. मी ते कमरेच्या हाडाजवळ ठेवत असे, तर भर खरी त्याच्या बरीच खाली, मांडीचे हाड बाजूला जिथे हाताला लागते तिथे हवी.

उष्णतेचा त्रास मात्र होतोच. तीन थरांत मी चार तासांपेक्षा जास्त राहत नाही.

मोगरी

हॉर्मोन सुरू करून मला पावणेदोन वर्षे झाली. सुरुवातीलाच मी उत्साहाने एकाच मापाची पाच शेपवेअर घेऊन ठेवली होती, त्यांतली तीन आता निरुपयोगी आहेत. चरबीची जागा बदलायला पहिल्या सहा महिन्यांत सुरुवात होते आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन ते पाच वर्षे लागू शकतात, असे मला डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, तरी मी ऐकले नाही. माझी कंबर होती तेवढीच राहिली आणि नितंब व मांड्या भरल्या. दर तीन महिन्यांनी टेप घेऊन मापे वहीत लिहावीत आणि एका वेळी एकच कपडा घ्यावा. त्वचाही नाजूक होते, त्यामुळे पूर्वी ज्या सिलिकॉनच्या पट्टीने काही होत नसे तिने आता मांडीवर लाल वळ उमटतो.

वहीतला नितंबांचा आकडा पहिल्यांदा दोन सेंटिमीटरने वाढलेला दिसला, तेव्हा मी पुन्हा मोजला आणि मग तिसऱ्यांदाही मोजला.

सांजसावली

मोगरी, तुमचे अभिनंदन. तिसऱ्यांदा मोजण्यातला आनंद मला इथवर कळला.

ओंजळ

टकिंगविषयी मी लिहिते, कारण या बाबतीत नव्या मुली संकोचाने विचारत नाहीत आणि स्वतःला इजा करून घेतात. वृषण हळूच वर, ते जिथून खाली उतरलेले असतात त्या मार्गात सरकवावे लागतात, लिंग मागे घ्यावे लागते आणि वरून गॅफ म्हणजे पुढून सपाट, घट्ट विणीचे अंतर्वस्त्र घालावे लागते. जोर लावावा लागला किंवा दुखले तर तिथेच थांबावे. गॅफवरून साधे शेपवेअर घातले तर आधार पुरेसा मिळतो. कित्येक जणींना तर उंच कमरेच्या जाड टाइट्सनेच काम भागते. चिकटपट्टीचा मार्ग मी सोडून दिला आहे, कारण काढताना केसांबरोबर त्वचाही सोलली गेली होती.

दुसरी चूक याहून गंभीर होती. पुन्हा सगळे बसवायला लागू नये म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नसे आणि लघवी रोखून धरत असे. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप आला आणि आठवडा अंथरुणात गेला. आता मी पाणी पिते, लागेल तेव्हा जाते, पुन्हा बसवायला पाच मिनिटे लागली तर ती देते. रात्री काहीही घालत नाही. वेदना राहिली तर डॉक्टरांना दाखवते. पुढे मूल हवे असेल त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की सततच्या टकिंगचा शुक्राणूंवर विपरीत परिणाम होऊ शकतो.

एक आई

मी ट्रान्स नाही. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यात तिने मला तिच्याबरोबर खरेदीला येशील का, असे विचारले. मी हो म्हटले, पण तिथे गेल्यावर काय बोलावे हे मला सुचेना आणि मी पुन्हा पुन्हा "हे लपेल ना" असेच विचारत राहिले. तिचा चेहरा उतरला ते मला घरी आल्यावर जाणवले. पुन्हा जायचे आहे. मी काय विचारावे?

शिवणटीप

काकू, तुम्ही तिच्याबरोबर गेलात हेच तिच्या लक्षात राहील. पुढच्या वेळी "बसताना काचते का" आणि "तुला कोणता रंग आवडला" एवढेच विचारा. रंगाची पारख तुम्ही नक्की करू शकाल. "त्वचेचा रंग" असे लिहिलेल्या टाइट्स बहुतेकींच्या त्वचेच्या रंगाच्या नसतातच. त्या हातावर चढवून, उजेडात धरून पाहाव्यात.

पुनवा

शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी थोडे लिहिते. योनिरचनेच्या शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सक सांगतील तोपर्यंत शेपवेअर आणि घट्ट टाइट्स दूर ठेवाव्यात. माझ्या बाबतीत तो काळ बराच मोठा होता आणि मला सैल सुती कपड्यांचा कंटाळा आला होता, तरी मी घाई केली नाही. रुग्णालयात पायांवर चढवतात त्या दाबमोज्यांशी आपल्या टाइट्सची गल्लत करू नये. त्यांचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला असतो, घोट्याशी तो सर्वांत जास्त असून वर कमी होत जातो आणि रक्ताची गुठळी होऊ नये हा त्यांचा हेतू असतो. शेपवेअर नेमके उलटे, वरच्या बाजूला आवळते. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांनी लांबच्या प्रवासाआधी अशा मोज्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता मला सपाटपणासाठी काहीही घालावे लागत नाही. तरीही थंडीत मी ६० डेनिअरच्या गडद जांभळ्या टाइट्स घालते, कारण त्या मला आवडतात.

सांजसावली

सर्वांचे मनापासून आभार. शिवणटीप, तुम्ही सांगितलेले खांद्यापासून खांद्यापर्यंतचे माप मी आज दुपारी आरशासमोर घेतले. ते १७२ सेंटिमीटर भरले आणि माझ्याकडचे दोन्ही बॉडीसूट खांद्यात का रुततात ते समजले. मापे लिहायला मोगरींसारखी वहीही केली आहे. ती काळी जोडी धुऊन, दोन्ही टोकांना नेलपॉलिश लावून वाळत ठेवली आहे. टाइट्स त्वचेवर नसून दोरीवर आहेत, त्यामुळे चिकटण्याची भीती नाही.