मदत हवी आहे: गावनिहाय लठ्ठपणाचे प्रमाण कसे काढावे?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात आम्ही काही शिक्षक आणि आशाताई मिळून प्रौढांमधील व मुलांमधील लठ्ठपणाचे गावनिहाय प्रमाण काढण्याच्या तयारीत आहोत. अंगणवाडीत कुपोषणाच्या नोंदी वर्षानुवर्षे होतात. त्याच गावांत मधुमेहाचे रुग्ण घरोघरी दिसत असताना वाढत्या वजनाची नोंद मात्र कुणी ठेवत नाही, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हा पत्रके पाहिली. त्यांत १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया आणि ५ वर्षांखालील बालके यांचे प्रमाण मिळते. पुरुषांसाठी राज्याच्या आकड्यावरच थांबावे लागते आणि शाळकरी मुले त्या मोजमापात येतच नाहीत. तालुक्याचे चित्र त्यातून कळत नाही.

पहिली अडचण निकषाची आहे. १५५ सेंटीमीटर उंची आणि ६२ किलो वजन असलेल्या स्त्रीचा बॉडी मास इंडेक्स (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५.८ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषानुसार (३० आणि त्यापुढे लठ्ठपणा) ती केवळ जादा वजनाची ठरते, तर भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेल्या २५ च्या मर्यादेनुसार लठ्ठ ठरते. मुलांसाठी तर वय व लिंगानुसार तक्ते लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे ५ वर्षांखालचे व वरचे निकषही वेगळे आहेत. दोन्ही वयोगट एकाच अहवालात कसे मांडावेत?

दुसरी अडचण लहान संख्येची. १०० मुलांपैकी ८ लठ्ठ आढळली, तरी खरे प्रमाण साधारण ४ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. अशा वेळी शेजारच्या गावाशी तुलना करणे योग्य आहे का, की काही गावे एकत्र करून आरोग्य उपकेंद्रनिहाय आकडा द्यावा?

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीचा आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या फडात जातात. हिवाळ्यात मोजमाप केले, तर कष्टकरी माणसे वगळली जाऊन मुख्यतः गावात राहणारे मोजले जातील आणि लठ्ठपणाचे प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त दिसेल. पावसाळ्यात, सगळे गावी असताना मोजावे, असे माझे मत आहे. पण पेरणी-खुरपणीच्या दिवसांत माणसे सकाळी लवकर शेतात जातात, त्यामुळे संध्याकाळीच घरी गाठावी लागतील. सकाळी शाळेत मोजलेली मुले आणि संध्याकाळी जेवणानंतर मोजलेले प्रौढ, हा फरक किती मनावर घ्यावा?

सरावाच्या वेळी शहाबादी फरशीच्या उंचसखलपणामुळे काट्यावर वजन बदलत होते, म्हणून आता काट्याखाली सपाट फळी ठेवतो. अंबाडा असेल तर तो सोडायला सांगूनच उंची घेतो. गरोदर स्त्रिया वगळणार आहोत. प्रौढांच्या कमरेचा घेरही घ्यावा का? अंगावर लुगडे किंवा धोतर असताना टेप नेमकी कशी लावावी, हे कुणी अनुभवाने सांगावे.

अखेरची विनंती मुलांविषयी आहे. छोट्या वस्तीत एखाद्याच मुलाची नोंद असेल, तर ते कोणाचे हे सगळ्यांना कळेल आणि वर्गात त्याला चिडवले जाईल. किमान किती मुले असल्याशिवाय आकडा जाहीर करू नये, याचा आपण पाळत असलेला नियम कृपया कळवावा.