अचानक गेलेलं कुत्रं: पहिले काही तास

'कारण शोधत बसू नका, लगेच पुरून टाका' या सल्ल्याशी मी सहमत नाही. काल खेळणारं कुत्रं आज गेलं की 'आपलंच काहीतरी चुकलं' हा सल जात नाही, आणि शवविच्छेदनाने तो पुष्कळदा हलका होतो. उदाहरणार्थ, उतारवयात कधीकधी प्लीहेवरची (पोटातल्या एका अवयवावरची) गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो. आधी बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही.

देह बर्फाच्या पिशव्यांनी गार ठेवा, गोठवू मात्र नका. पेशी फुटून तपासणी बिघडते. शवविच्छेदनासाठी शक्यतो २४ तासांच्या आत न्या. पाय लगेच पोटाशी दुमडा, काही तासांत शरीर ताठरतं. पुरायचं तर किमान ३-४ फूट खोल, विहिरीपासून लांब, सुती चादरीत.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला देह हुंगू द्या, पण पार्व्हो (कुत्र्यांमधला संसर्गजन्य जुलाब-उलट्यांचा आजार) किंवा रेबीजचा संशय असल्यास अजिबात नाही. त्याच्या फिरण्या-जेवणाच्या वेळा बदलू नका. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. सगळं दुःखावर घालू नका, पहिलं कुत्रं विषबाधेने गेलं असेल तर त्यालाही तीच झालेली असू शकते. लहान मुलांना मात्र खरं ते सरळ सांगा. 'झोपलाय' म्हटलं की मुलं स्वतः झोपायला घाबरू शकतात.