मोज्यांतील चांदीचे नॅनोकण धुतल्यावर कुठे जातात?

प्रश्न: दुर्गंधी रोखण्यासाठी काही मोज्यांत चांदीचे नॅनोकण, म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण, वापरतात, धुताना ते सुटून नदीत पोहोचल्यास जलचरांना अपाय होतो का?

पहिले उत्तर: होऊ शकतो, कारण या कणांतून सुटणारे, जिवाणूंना मारणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) शैवालांनाही सोडत नाहीत. मात्र सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गंधकाशी संयोग होऊन बऱ्याचशा चांदीचे सिल्व्हर सल्फाइड बनते, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने कमी विषारी ठरते आणि गाळात साचते.

दुसरे उत्तर: तोच गाळ खत म्हणून शेतात गेला, तर प्रश्न मातीतल्या सूक्ष्मजीवांपुढे उभा राहतो. शिवाय सांडपाणी प्रक्रियेविनाच सोडले जात असेल, तर वरचा दिलासा फोलच म्हणायचा.

प्रश्नकर्ता: सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचे काय?

पहिले उत्तर: पोहताना ते थेट पाण्यात उतरते, तिथे शुद्धीकरण केंद्र आड येत नाही.