सोयाबीनचा भाव सौद्यात ठरतो की आपल्या डोक्यात?

बांधावरचा (औसा)
२०२१ च्या ऑगस्टमध्ये लातुरात सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या वर गेलं. केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड (तेल काढून उरलेली पेंड) आयातीला परवानगी दिली आणि भाव उतरला. आपल्या डोक्यातून मात्र उतरला नाही. पुढच्या वर्षी आमच्या वडलांनी "सात हजार झाल्याबिगर काढायचं नाही" म्हणून थप्पी घरातच ठेवली. पेरणीला बी-खताची नड आली तेव्हा पडत्या भावात पन्नास कट्टे घातले. आकडा मनात धरून गेलं की समोरच्याचं बोलणं कानात शिरतच नाही.

आडतीतला मुनीम
दादा, पटलं नाही. मी रोज बघतो. "काय निघंल ते द्या, पोराची फी भरायचीय" म्हणणाऱ्याचा सौदा गाडीवरून उतरतानाच संपलेला असतो. खरेदीदार ढिगात हात घालतो, दोन दाणे दाताखाली धरतो, "ओल हाय" म्हणतो आणि आपला माणूस मान डोलावतो. मागं एक मामा अडून बसले, "मशीन लावा." ओलावा १३ टक्के भरला, शंभर रुपये वाढले. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ होता, बाजार त्याच्या बराच खाली. ज्याला तो आकडा पाठ होता, तो निदान भांडला.

बांधावरचा
मामांची माल परत न्यायची तयारी होती, म्हणून मशीन लागलं. नड असलेल्यानं आकडा पाठ करून काय करायचं?

रेणापूरची ताई
मग तयारी करा की! बाजार समितीच्या तारण योजनेत माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिने, ६ टक्के व्याजानं. आम्ही चाळीस कट्टे ठेवले, फी भागली आणि विकायची घाई सुटली. व्यापारीसुद्धा सकाळी तेलाच्या प्लांटचा रेट विचारून, त्यातून भाडं, हमाली, स्वतःचं सुटणं वजा करूनच पुकाऱ्याला, म्हणजे लिलावाला, येतो. तोही आकडा धरूनच असतो, पण त्याचा आजचा असतो.

आडतीतला मुनीम
ताईंचं बरोबर. पण दहा कट्टेवाल्याला गोदामापर्यंतचं भाडंच परवडत नाही. त्याच्याकडं तोंडच आहे, ते तरी उघडू द्या.

बांधावरचा
काल वडलांना विचारलं, सातच का? म्हणाले, "दहा झालं त्या साली आपण संक्रांतीलाच साडेचारला घालून मोकळे झालो होतो. शेजाऱ्यानं ठेवलं होतं."